बूटलोडर अनलॉक करायचा का, आणि करायचाच असेल तर कसा

'फोन अनलॉक केला' असं कुणी म्हटलं की त्याचे निदान तीन अर्थ निघतात. पहिला रोजचा, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा देऊन स्क्रीन उघडणं. दुसरा सिमचा, म्हणजे एकाच नेटवर्कला बांधलेला फोन मोकळा करून घेणं. तिसरा बूटलोडरचा, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणाऱ्या आज्ञावलीचा. हा लेख फक्त तिसऱ्याबद्दल आहे. त्याच्याशी हमखास गल्लत होते ती 'रूट' या शब्दाची, म्हणजे प्रणालीतला सर्वाधिकार मिळवण्याची, तर तेही आधीच सांगतो: बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे रूट करणं नव्हे. अनलॉक ही परवानगी आहे. त्या परवानगीचा उपयोग करून पुढे तुम्ही वेगळी अँड्रॉइड प्रणाली बसवू शकता, रूट करू शकता किंवा काहीच न करता फोन तसाच ठेवू शकता.

तुम्ही पॉवरचं बटण दाबता तेव्हा आत काय घडतं ते समजलं की पुढचे सगळे फायदे-तोटे आपोआप उलगडतात. चिपमध्ये कायमची कोरलेली थोडी आज्ञावली आधी जागी होते आणि ती बूटलोडरला उठवते. बूटलोडर पुढच्या प्रणालीची डिजिटल सही तपासतो. सही फोन बनवणाऱ्या कंपनीची असेल तरच दार उघडतं, नाहीतर फोन तिथेच थांबतो. अँड्रॉइड ७.० पासून, म्हणजे २०१६ पासून, ही तपासणी सक्तीची झाली. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे या पहारेकऱ्याला सांगणं, की यापुढे सही जुळली नाही तरी आत सोड. म्हणूनच अनलॉक केलेला फोन प्रत्येक वेळी चालू होताना नारिंगी रंगाचा किंवा तसाच काही इशारा दाखवतो. तो बिघाड नाही, फोन खरं तेच सांगतोय.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, याचा नवख्यांना फार राग येतो. पण हा नियम तुमच्याच बाजूचा आहे. डेटा न पुसता अनलॉक होत असतं, तर चोरलेल्या फोनवर कुणीही आपली प्रणाली चढवून तुमच्या फायलींपर्यंत पोचायचा प्रयत्न केला असता.

आधी स्वतःला विचारा: मला नेमकं काय हवंय?

'कस्टमायझेशन' हे उत्तर नव्हे. कागदावर लिहा, नेमकं लिहा. होम स्क्रीन वेगळी दिसायला हवी? आयकॉन बदलायचेत? कंपनीने आधीच कोंबलेली अ‍ॅप नकोत? जाहिराती नकोत? या चारही गोष्टींना बूटलोडरला हात लावायची गरज नाही.

होम स्क्रीनसाठी वेगळा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि आयकॉन पॅक पुरतात. जाहिरातींसाठी अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्येच 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता भरला की बऱ्याच जाहिराती आणि ट्रॅकर संपूर्ण फोनभर थांबतात. नको असलेली अ‍ॅप काढायला फोन कॉम्प्युटरला जोडून एडीबीची (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाची) एक आज्ञा द्यायची, 'पीएम अनइन्स्टॉल' आणि त्यात वापरकर्ता क्रमांक ०. अ‍ॅपची मूळ प्रत प्रणालीच्या विभागात शिल्लक राहते, पण तुमच्या खात्यापुरती ती नाहीशी होते आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर परत येते. म्हणजे चुकून महत्त्वाचं अ‍ॅप काढलं तरी परतीची वाट असते. कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड ११ किंवा पुढच्या फोनवर शिझुकू नावाचं अ‍ॅप वायरलेस डिबगिंगच्या आधारे यातलं बरंच काही करून देतं, फक्त फोन बंद-चालू केला की ते पुन्हा सुरू करावं लागतं.

माझा अनुभव असा, की अनलॉक करायला आलेल्या बहुतेकांची यादी इथेच संपते. तुमचीही संपली तर लेख इथे सोडलात तरी चालेल. तुमचं काम झालेलं असेल.

अनलॉकशिवाय ज्या गोष्टी होत नाहीत त्या मोजक्या आहेत. अपडेट थांबलेल्या फोनवर नवी अँड्रॉइड आवृत्ती बसवणं. गूगलच्या सेवांशिवाय फोन चालवणं. प्रणालीच्या गाभ्यात बदल करणं, उदाहरणार्थ कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा मुख्य भाग) बदलणं, फोनमध्ये तशी सोय नसताना चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवणं, एखाद्या अ‍ॅपचा संपूर्ण डेटा जशाचा तसा दुसऱ्या फोनवर नेणं. आणि शिकणं. शेवटचं कारण मी हलकं मानत नाही. फोन आतून कसा चालतो हे समजून घ्यायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

यातलं सगळ्यात भरभक्कम कारण पहिलं. पोको एफ१ हा फोन २०१८ मध्ये अँड्रॉइड ८.१ घेऊन आला आणि कंपनीकडून त्याला अँड्रॉइड १० पर्यंतच अपडेट मिळाले. पण बूटलोडर उघडता येत असल्यामुळे लिनिएजओएससारख्या, अँड्रॉइडवर आधारित वेगळी प्रणाली बनवणाऱ्या प्रकल्पांनी त्याला पुढच्या कितीतरी आवृत्त्या दिल्या. प्रोसेसर दणकट, स्क्रीन ठीक, बॅटरी बदलता येण्याजोगी. असा फोन निव्वळ सुरक्षा अपडेट थांबले म्हणून ड्रॉवरमध्ये पडून राहावा हे मला मनापासून खुपतं. उलट बाजूही सांगायला हवी. पिक्सेल ८ पासून गूगल आणि गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंग आपल्या वरच्या श्रेणीतल्या फोनना ७ वर्षं अपडेट देण्याचं वचन देतात. अशा नव्या फोनला अनलॉकची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही.

काय गमवावं लागतं

सगळ्यात मोठा फटका बँकेच्या आणि पैशांच्या अ‍ॅपना बसतो. ही अ‍ॅप 'प्ले इंटेग्रिटी' या गूगलच्या सेवेला विचारतात, की हा फोन विश्वासाचा आहे का. पूर्वी हेच काम सेफ्टीनेट करायची आणि तिला फसवणं तुलनेने सोपं होतं. आता उत्तर फोनच्या चिपमधल्या सुरक्षित भागाकडून येतं. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर साध्या 'डिव्हाइस' पातळीच्या होकारासाठीसुद्धा हा हार्डवेअरचा पुरावा लागतो. अनलॉक केलेला बूटलोडर त्या पुराव्यात स्पष्ट दिसतो. यावर मात करणारी मॉड्यूल (रूट केलेल्या फोनवर बसवायचे जोड) फिरत असतात, पण त्यांचा खेळ उंदीर-मांजराचा आहे. आज चाललेली युक्ती उद्या सकाळी बंद पडलेली असते, आणि ती नेमकी तुम्हाला तातडीने पैसे पाठवायचे असतात त्या दिवशी बंद पडते. त्या खेळावर आपले पैसे अवलंबून ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा फटका व्हिडिओंना. अनेक फोनवर अनलॉक केल्यावर वाइडवाइन या व्हिडिओ-संरक्षण व्यवस्थेची पातळी एल१ वरून एल३ वर घसरते, मग स्ट्रीमिंग अ‍ॅप तुम्हाला एचडी चित्र देत नाहीत.

सॅमसंगचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. त्यांच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज असतो. परकी प्रणाली चढवली की तो उडतो आणि पुन्हा कधीच जोडता येत नाही. मूळ प्रणाली परत आणली, बूटलोडर पुन्हा लॉक केला, तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पैसे देण्याची सेवा त्या फोनवर कायमची बंद. इतर बहुतेक फोनवर परतीची वाट असते, इथे नाही.

वॉरंटीचं धोरण कंपनीगणिक बदलतं, तेव्हा आपल्या कंपनीच्या अटी वाचा. आणि फोन चोरीला गेला तर काय, हा विचार कुणी करत नाही. लॉक असलेला फोन चोराच्या हाती लागला तर तुमच्या गूगल खात्याशिवाय तो त्याला नीट वापरता येत नाही. अनलॉक असलेल्या फोनवर तो केबल लावून नवी प्रणाली चढवतो आणि मोकळा होतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. ज्या फोनवर तुमचे पैसे, कामाची खाती आणि ओटीपी आहेत तो अनलॉक करू नका. ज्या जुन्या फोनची जागा नव्याने घेतली आहे त्यावर खुशाल करा. एकच फोन असेल तर थांबा.

आपला फोन अनलॉक होतो का?

फोन विकत घेण्याआधी विचारायचा हा प्रश्न आहे, पण आपण तो नंतर विचारतो. पिक्सेल सहज अनलॉक होतात, मात्र काही नेटवर्क कंपन्यांमार्फत विकलेले पिक्सेल होत नाहीत. मोटोरोलाच्या बऱ्याच फोनना कंपनीच्या संकेतस्थळावरून कोड मिळतो. फेअरफोनही कोड देते. शाओमीमध्ये खातं जोडून परवानगी घ्यावी लागते आणि नंतर ठरावीक मुदत थांबावं लागतं. ती मुदत बराच काळ १६८ तास, म्हणजे ७ दिवस असायची, आणि हायपरओएस ही शाओमीची नवी प्रणाली आल्यापासून अटी आणखी आवळल्या गेल्या आहेत. हुआवेने २०१८ मध्ये कोड देणंच बंद केलं. एलजीने फोनचा धंदा बंद केल्यावर अनलॉकची सेवाही गुंडाळली. आयफोनमध्ये असा पर्यायच नाही. तिथलं जेलब्रेक हे प्रणालीतल्या त्रुटींवर चालतं आणि तो निराळा विषय आहे.

कोडसाठी कुणी पैसे मागत असेल तर दूर राहा. कंपनी कोड देते तेव्हा तो स्वतःच्या संकेतस्थळावरून देते.

तयारी: एक संध्याकाळ फक्त हिच्यासाठी

खरं काम पाच मिनिटांचं आहे. त्याआधीची तयारी दोन तासांची, आणि फोन वाचतो तो या दोन तासांमुळे.

फोनचा नेमका मॉडेल क्रमांक आणि सांकेतिक नाव शोधा. प्रत्येक फोनला प्रणाली बनवणाऱ्यांच्या जगात एक आतलं नाव असतं: पोको एफ१ म्हणजे बेरिलियम, रेडमी नोट ७ म्हणजे लॅव्हेंडर, पिक्सेल ६ म्हणजे ओरिओल. खोक्यावरचं बाजारातलं नाव सारखं असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते. 'प्रो', 'प्लस', 'एस' या शेपटांकडे दुर्लक्ष करून दुसऱ्याच मॉडेलची फाइल चढवणं, हे फोन मरण्याचं सर्रास आढळणारं कारण आहे. फाइलच्या नावात तुमच्या फोनचं सांकेतिक नाव दिसत नसेल तर ती फाइल तुमची नाही.

मग मूळ प्रणाली, म्हणजे स्टॉक रॉम, आधीच उतरवून ठेवा. फोन बंद पडल्यावर ती शोधायला बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. सध्या फोनवर असलेलीच आवृत्ती किंवा तिच्यापेक्षा नवी घ्या, जुनी कधीच नको. यामागे एक कारण आहे. अनेक फोनमध्ये मागे जाण्याला अटकाव करणारा एक आकडा चिपमध्ये नोंदलेला असतो. अपडेटबरोबर तो वाढतो, कमी कधीच होत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए यांना अँड्रॉइड १३ देताना गूगलने हाच आकडा वाढवला, त्यानंतर त्यांच्यावर अँड्रॉइड १२ चा जुना बूटलोडर चालेनासा झाला. काही फोनवर असा प्रयत्न केला तर फोन कायमचा निपचित पडतो.

बॅकअप घेताना फोटो सगळ्यांना आठवतात. विसरतात ते वेगळंच: दुहेरी सुरक्षेचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप, चॅटचा बॅकअप, फोनमध्येच साठवलेले नंबर, ई-सिम, नोट्स. ऑथेंटिकेटर आधी दुसऱ्या फोनवर हलवा आणि तिथे खरंच कोड येतात का ते एकदा पाहा. हे न केल्यामुळे आपल्याच खात्यांबाहेर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

कॉम्प्युटरवर गूगलच्या अधिकृत जागेवरून 'प्लॅटफॉर्म टूल्स' उतरवा. त्यात एडीबी आणि फास्टबूट (थेट बूटलोडरला आज्ञा देणारं साधन) दोन्ही असतात. विंडोज असेल तर यूएसबी ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. केबल डेटा वाहून नेणारी, शाबूत आणि शक्यतो आखूड घ्या. यूएसबी हब मध्ये नको, थेट कॉम्प्युटरला जोडा. बॅटरी निम्म्याहून जास्त असू द्या. केबलची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मी एकदा पूर्ण रात्र ड्रायव्हर काढ-घाल करण्यात घालवली आणि सकाळी केबल बदलल्यावर फोन पहिल्याच फटक्यात सापडला.

प्रत्यक्ष अनलॉक

सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा. तिसऱ्या-चौथ्या टिचकीला 'आता इतक्या पायऱ्या उरल्या' असा संदेश येऊ लागतो. त्यानंतर डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' आणि 'यूएसबी डिबगिंग' दोन्ही चालू करा. पहिला पर्याय करडा दिसत असेल तर इंटरनेट जोडून पाहा, कारण काही फोन आधी सर्व्हरला विचारतात. तरीही करडाच राहिला तर त्या फोनला परवानगी नाही असं समजा.

आता फोन केबलने जोडा. कॉम्प्युटरवर प्लॅटफॉर्म टूल्सच्या फोल्डरमध्ये आज्ञांची खिडकी उघडा. इथून पुढच्या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या आहेत. पहिली 'एडीबी डिव्हायसेस'. फोनच्या स्क्रीनवर परवानगीची चौकट येईल, ती मान्य करा. खिडकीत फोनचा क्रमांक दिसला की जोडणी ठीक आहे.

पुढे 'एडीबी रीबूट बूटलोडर'. फोन बंद होऊन एका साध्या, बहुधा काळ्या पडद्यावर येईल. तिथे 'फास्टबूट डिव्हायसेस' द्या. क्रमांक पुन्हा दिसला पाहिजे. इथे काहीच दिसलं नाही तर विंडोजवर दोष बहुतेक वेळा ड्रायव्हरचा असतो, कारण एडीबी आणि फास्टबूट या दोन अवस्थांसाठी तो वेगवेगळा लागू शकतो.

आता मुख्य आज्ञा: 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक'. जुन्या फोनवर हीच 'फास्टबूट ओईएम अनलॉक' अशी असते. कोड देणाऱ्या कंपन्यांमध्ये तिच्यापुढे कोड लिहावा लागतो, आणि शाओमीमध्ये हे काम त्यांचं स्वतःचं अनलॉक टूल करतं. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतं. ज्या सॅमसंग फोनवर 'ओईएम अनलॉकिंग' मिळतं तिथे डाउनलोड मोडमध्ये जाऊन आवाजाचं बटण बराच वेळ दाबून ठेवावं लागतं. आज्ञा दिल्यावर फोनच्या पडद्यावर इशारा येईल. आवाजाच्या बटणाने 'अनलॉक' निवडा, पॉवरच्या बटणाने होकार द्या. या क्षणाला डेटा पुसला जातो. बॅकअपबद्दल तिळमात्र शंका असेल तर होकार देण्याआधी मागे फिरता येतं, त्यानंतर नाही.

पहिल्यांदा फोन चालू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो. घाबरून पॉवरचं बटण दाबत बसू नका.

पुढे काय बसवायचं

अनलॉक झाल्या झाल्या त्याच रात्री सगळं उरकायची घाई होते. मी म्हणेन, दोन-तीन दिवस मूळ प्रणालीवरच फोन वापरा. कोणती अ‍ॅप चालेनाशी झाली ते तुम्हाला कळेल, आणि तो अनलॉकचा परिणाम की नव्या प्रणालीचा हे ओळखता येईल.

नवी प्रणाली निवडताना स्क्रीनशॉट पाहून भुलू नका. तुमच्या सांकेतिक नावासाठी ती अधिकृतपणे दिली जाते का, शेवटची आवृत्ती कधी आली आणि माहीत असलेल्या त्रुटींची यादी काय सांगते, हे तीन मुद्दे बघा. नवख्याने लिनिएजओएसपासून सुरुवात करावी. सायनोजेनमॉड २०१६ च्या अखेरीस बंद पडल्यावर तिच्याच पायावर ती उभी राहिली, आणि प्रत्येक फोनसाठी पायरीवार सूचना देते. त्या सूचना जशाच्या तशा पाळा, दुसऱ्या फोनच्या व्हिडिओतली पायरी मध्ये घुसवू नका. तुमच्याकडे पिक्सेल असेल आणि सुरक्षितता हाच हेतू असेल, तर ग्राफीनओएस पाहा. तिची खासियत अशी, की ती बसवल्यावर तिच्याच सहीच्या आधारे बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. म्हणजे पहारेकरी परत कामावर, फक्त मालक बदललेला. तरीही काही बँकांची अ‍ॅप तिथे चालत नाहीत, तेव्हा आपली अ‍ॅप आधी तपासा.

रूटबद्दल थोडक्यात. रूट म्हणजे प्रणालीतला सर्वाधिकार. पहिला अँड्रॉइड फोन एचटीसी ड्रीम २००८ मध्ये आला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं एका चुकीमुळे सर्वाधिकार असलेल्या आज्ञांच्या खिडकीतही जात होतं. कुणी गप्पांमध्ये नुसतं 'रीबूट' लिहून एंटर दाबलं तर फोन खरंच बंद होऊन परत चालू व्हायचा. तो अधिकार एखाद्या भलत्या अ‍ॅपच्या हाती गेला तर काय होईल याचा अंदाज यावरून करा. आज रूटसाठी मॅजिस्क सर्वाधिक वापरलं जातं. तुमच्याच आवृत्तीची बूट फाइल मॅजिस्कने बदलून घ्यायची आणि फास्टबूटने चढवायची. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या फोनमध्ये त्याजागी 'इनिट बूट' नावाची फाइल असते. मूळ, न बदललेली फाइल कॉम्प्युटरवर जपून ठेवा. ज्याचं नेमकं काम सांगता येत नाही असं कोणतंही कारण रूटसाठी पुरेसं नाही.

अडलं तर

लोगोवरच फोन फिरत राहिला तर त्याला बूटलूप म्हणतात. हा सहसा मेलेला फोन नसतो. आवाज कमी करण्याचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून फास्टबूटमध्ये जाता येत असेल तर तो वाचतो. शेवटी केलेला बदल उलटा करा: रूट केलं होतं तर मूळ बूट फाइल परत चढवा, नवी प्रणाली बसवली होती तर आधी डेटा पुसून पाहा, तरीही जमलं नाही तर उतरवून ठेवलेली स्टॉक रॉम. एका वेळी एकच बदल करा आणि काय केलं ते लिहीत जा. मदत मागताना तो कागदच तुमच्या कामी येतो.

पडदा काळा, बटणांना प्रतिसाद नाही, चार्जिंगचं चिन्हही नाही, असं झालं तर मात्र इंटरनेटवरचे उपाय एकामागून एक करत सुटू नका. ते काम जाणकाराचं आहे.

आता परत लॉक करण्याबद्दल. माझ्या हातून एक फोन कायमचा गेला तो इथेच. वेगळी प्रणाली बसवलेली होती, चालू होताना दिसणारा इशारा डोळ्यांत खुपत होता, म्हणून मी 'फास्टबूट फ्लॅशिंग लॉक' ही आज्ञा दिली. पहारेकरी जागा झाला, त्याला अनोळखी सही दिसली आणि त्याने दार बंद केलं. अनलॉकचा पर्याय प्रणालीच्या आत, आणि प्रणाली दाराच्या आत. तेव्हा क्रम पक्का लक्षात ठेवा. आधी पूर्ण स्टॉक रॉम चढवा, सर्व विभागांसह. फोन चालू करून तो मूळ प्रणालीवर नीट चालतो याची खात्री करा. डेटा पुन्हा पुसला जाणार आहे, म्हणून बॅकअप पुन्हा घ्या. मग लॉकची आज्ञा द्या. लॉक झाल्यावर फोन एकदा व्यवस्थित चालू होऊ द्या, आणि त्यानंतरच डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'ओईएम अनलॉकिंग' बंद करा.